मृत्युपत्रावर दावे मागवले, त्याची गोष्ट

मृत्युपत्र करण्याचा माझा काही विचार नव्हता. मी फक्त कपाट आवरायला बसलो होतो.

म्हणजे सत्यभामेनं बसवलं होतं. सत्यभामा ही माझी बायको. रिटायर झाल्यापासून मी घरात जिथे बसतो नेमकं तिथेच तिला झाडायचं असतं, असं माझं तीन वर्षांचं निरीक्षण आहे. त्या दिवशी तिनं लोखंडी कपाटासमोर माझ्यासाठी पाट टाकला आणि म्हणाली, "आपलं आपलं आवरा. माझ्या खान्याले हात लावू नका." वरचे दोन खाने तिचे, खालचा एक माझा. माझ्या खान्यातून निरोपसमारंभाची शाल निघाली, त्याच समारंभातलं बंद पडलेलं घड्याळ निघालं, दोन सफारी सूट निघाले (दोन्ही आता पोटावर लागत नाहीत) आणि सगळ्यात खाली एक कोरी करकरीत आवक पंजी निघाली. आवक पंजी म्हणजे कार्यालयात आलेला प्रत्येक कागद ज्या रजिस्टरात चढवतात ते. निरोपाच्या दिवशी शाल त्यांनी मला दिली होती. पंजी मी स्वतः घेतली होती.

मी धर्मपाल रामटेके. चौतीस वर्षं सरकारी खात्यात बाबूगिरी केली, शेवटची सहा वर्षं अधीक्षक म्हणून. आमचा बाप भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आला आणि आम्ही इथलेच झालो. मग दोन हजार साली छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि आमचं धुळकट संभागीय, म्हणजे विभागीय, कार्यालय एका रात्रीत संचालनालय झालं. पंखे तेच राहिले. पण कागद मात्र दहापट वाढले, आणि खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला तोच सुखाचा काळ. आता मंत्रालयसुद्धा उठून नव्या रायपूरला गेलं, आणि मी इथे पाटावर बसून कोऱ्या पंजीकडे पाहत होतो. दोनशे पानं, आणि एकाही पानावर नोंद नाही. मला ते बघवेना.

अशा हळव्या क्षणी श्यामराव चहाला आला. श्यामराव माझा जुना सहकारी. माझ्यानंतर सहा महिन्यांनी रिटायर झाला आणि तेव्हापासून रोज चारच्या सुमारास आमच्याकडे हजेरी लावतो. त्यानं कुठल्याशा पेन्शनरची हकीकत सांगितली. तो बिचारा काही न लिहिता गेला, आणि त्याची दोन्ही पोरं घरावरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. "धर्मपाल, तू लिहून ठेव," तो म्हणाला. "माणसाचा काही भरोसा नाही." हे बोलताना त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही. पण मुद्दा पटला. पंजीचाही प्रश्न सुटत होता.

आता दुसरा कुणी असता तर वकिलाकडे गेला असता, एक कागद लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत मोकळा झाला असता. पण मी खात्यात वाढलेला माणूस. आमच्याकडे बदल्यांची यादी असो की ज्येष्ठतेची, ती एकदम पक्की होत नाही. आधी कच्ची, म्हणजे 'अनंतिम' सूची लागते. मग पंधरा दिवस दावा-आपत्ती मागवतात. (आक्षेपाला आमच्या कार्यालयात आपत्ती म्हणतात.) ज्याला वाटतं आपल्यावर अन्याय झाला त्यानं लेखी द्यायचं, त्याची सुनावणी होते आणि मगच सूची पक्की. या पद्धतीवर माझा फार जीव आहे, आणि त्याला कारण आहे. रेल्वेत माझ्या बापाची बढती एकदा हुकली. त्याला त्याचं दुःख नव्हतं. "लायक नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणायचा, "पण एक डाव विचारायले पाहिजे होतं." त्याच वेळी मी ठरवलं होतं की माझ्या हातून कुणी न विचारलेला राहणार नाही.

तर मी माझ्या मृत्युपत्राची अनंतिम सूची तयार केली. घराचा खालचा मजला मुलगा बुद्धभूषण याला, वरचा मजला मुलगी चेतना हिला, गच्ची दोघांत सामाईक. शिलाई मशीन चेतनाला, स्कूटर आणि कूलर बुद्धभूषणला, पुस्तकं विहाराला. आठ मुद्दे. घर आमचं शंकर नगरात आहे. (पाहुण्यांना असं सांगतो. रिक्षावाल्याला 'शंकर नगरच्या पुढे, नाला ओलांडून' असं खरं सांगावं लागतं.) सूची मी तीनदा तपासली आणि कुणीही सुटलेलं नाही असं श्यामरावाला छातीठोकपणे सांगितलं. त्यानंही चष्मा लावून वाचली आणि मान डोलावली.

सुटलं होतं. एक माणूस सुटलं होतं, आणि ते माणूस त्या वेळी स्वयंपाकघरात आमच्या दोघांचा चहा गाळत होतं. पण चौतीस वर्षं नोकरी केलेल्या दोन बाबूंच्या ते ध्यानात आलं नाही.

मग शिक्का आला. पंजी असली की शिक्का लागतोच. मी गोल बाजारात गेलो आणि शिक्केवाल्याला मजकूर दिला. 'आवक, मृत्युपत्र शाखा, रायपूर.' त्यानं कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पूर्ण पैसे आगाऊ मागितले. माझ्या आधी आलेल्या तिघांकडून त्यानं फक्त बयाणा घेतला होता.

सूचीच्या खाली प्रतिलिपी कुणाकुणाला हे लिहिणं ही तर कलाच आहे. पहिली प्रत बुद्धभूषणला. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायजर आहे आणि आमच्याच घरात राहतो. सकाळी शिफ्ट संपवून, भुवयांपर्यंत काळी धूळ घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा मी प्रत त्याच्या हातात ठेवली आणि पंजी पुढे केली.

"पापा, ये क्या है?" आमची पोरं मराठी समजतात सगळं, उत्तरं हिंदीत देतात.

"सही कर."

"किस बात की?"

"मिळाल्याची."

त्यानं सही केली, पंजीवर काळा अंगठा उमटवला आणि झोपायला निघून गेला. दुसरी प्रत चेतनाला, बिलासपूरला, रजिस्टर्ड पोस्टानं. तिसरी माझा साळा नरहरी याला, माहितीसाठी. चौथी विहाराचे सचिव गुलाबराव यांना, सूचना फलकावर लावण्यासाठी. आणि पाचवी फ्रिजशेजारच्या भिंतीवर, पीठ लावून चिकटवली. सत्यभामेला वेगळी प्रत देण्याची गरज मला वाटली नाही. ती दिवसातून चाळीस वेळा फ्रिज उघडते.

गडबड चौथ्या प्रतीनं झाली. आमच्या विहाराच्या फलकावर अलीकडे एकाच प्रकारची सूचना लागते. मोहल्ल्यातलं कुणी गेलं की त्याचं नाव आणि पुण्यानुमोदनाची वेळ. गुलाबरावांनी माझा कागद नेहमीच्या जागी, नेहमीच्या टाचण्यांनी लावला. येणाऱ्याजाणाऱ्यानं वर 'धर्मपाल रामटेके' वाचलं, खाली 'मृत्यु' एवढं वाचलं, आणि पुढचं वाचायला थांबलं कोण?

रविवारी सकाळी दहा वाजता पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे घातलेली चौदा माणसं आमच्या फाटकाशी उभी होती. फाटक मीच उघडलं, बनियनवर, हातात अर्धी खाल्लेली जिलेबी. मग पुढच्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायांकडे निरखून पाहिलं आणि हळूच "जय भीम" म्हणाली. मीही "जय भीम" म्हणालो. शेजारच्या साहू दीदी तोवर शहाळं घेऊन धावत आल्या होत्या, "भैया ला का होगे?" करत. भैयाला काही झालेलं नाही हे कळल्यावर शहाळं परत कसं न्यायचं या विचारात त्या पडल्या. मी त्यांची अडचण ओळखून ते पिऊन टाकलं.

गुलाबरावांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मेणबत्त्यांचा पुडा आणला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. "आता आणल्याच आहेत तं राहू द्या," ते म्हणाले. सत्यभामेनं चौदा जणांना चहा दिला. एक शब्द बोलली नाही. ती दमली असेल असं मला वाटलं.

मंगळवारी चेतना आली. रजिस्टर्ड पोस्ट मिळालं तशी पहिल्या गाडीनं निघाली. ती तिथे शाळेत शिकवते, रजा टाकून आली होती. दारातच माझ्या गळ्यात पडून रडायला लागली आणि रिपोर्ट काय आला, कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, विचारू लागली. मला काहीही झालेलं नाही, ही फक्त अनंतिम सूची आहे, असं सांगितल्यावर तिनं रडणं थांबवलं आणि तीन तास माझ्याशी बोलली नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथे मायलेकींचं बराच वेळ काहीतरी कुजबुजणं झालं. बुद्धभूषणलाही आत बोलावलं गेलं. आतून हसण्याचा आवाज आला. कुटुंब एकत्र आलं याचं मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दाव्यांची जी रीघ लागली, काय सांगू. आवक क्रमांक एक नरहरीचा होता. आमच्या घरातला पितळी हंडा त्याच्या आईचा असून तो यादीत का नाही, अशी त्याची विचारणा होती. (हंडा लग्नात आलेला. चाळीस वर्षं त्याची आठवण कुणाला नव्हती.) क्रमांक दोन, चेतना. वरच्या मजल्यावर तिची आपत्ती, कारण पुढे म्हातारपणी गुडघे दुखतील. ती चौतीस वर्षांची आहे. क्रमांक तीन, बुद्धभूषण. खालचा मजला नको, पावसाळ्यात नाला आत येतो. क्रमांक चार, चेतना. तसं असेल तर तिला नाला चालेल, पण गच्चीवर पापड वाळवण्याचा पूर्ण हक्क हवा. क्रमांक पाच, बुद्धभूषण. पापड चालतील, पण कुरड्या नाहीत. बाईचा आणि पुरुषाचा हक्क समान आहे हे पाहता कुरड्यांवर बंदी कोणत्या नियमान्वये, असं क्रमांक सहामध्ये चेतनानं विचारलं होतं, आणि तो मुद्दा खरंच बिनतोड होता. मी रात्रंदिवस टिप्पण्या लिहू लागलो. पंजीची अकरा पानं भरली. श्यामराव येऊन शेजारी बसायचा आणि शिक्के मारायचा. इतक्या आनंदात आम्ही दोघं किती वर्षांत नव्हतो.

मधूनच काळजीही वाटायची. पोरं कधी भांडली नव्हती, आणि आता कुरड्यांवरून लेखी भांडत होती. ज्या भीतीनं मी हे सुरू केलं तेच माझ्या डोळ्यांदेखत, मी जिवंत असताना चाललं होतं. निदान सुनावणी घेऊन सगळं मिटवता येईल, असं मी स्वतःला समजावलं.

पंधरावा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी साडेपाचपर्यंत होती. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी सत्यभामा स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले आणि रेघांच्या वहीतला एक कागद माझ्यासमोर ठेवला.

"पावती द्या," ती म्हणाली.

मला गंमत वाटली. मी हसत शिक्का मारला, क्रमांक बारा टाकला आणि वाचायला घेतलं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'सूचीत माझं नाव नसल्याबाबत.'

मी भिंतीवरची सूची वाचली. मग पंजीतली वाचली. मग श्यामरावाच्या हातातली ओढून घेऊन वाचली. आठ मुद्दे होते. कूलर होता, शिलाई मशीन होतं, पुस्तकं होती. माझ्याशी चाळीस वर्षं संसार केलेली बाई नव्हती.

"अरे, तू तर असशीलच," मी म्हणालो. "त्यात लिहायचं काय?"

"असशीलच म्हणजे कोठी?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "खाली भूषणच्या घरात, का वर चेतनाच्या? का जिन्यात?"

बुद्धभूषण आणि चेतना आतल्या दारात येऊन उभे राहिले. श्यामरावानं शिक्का हळूच टेबलाखाली ठेवला.

"तुमच्या बापाले कोणी विचारलं नाही म्हणून तुमी मले चाळीस वर्षं सांगून राहिले," ती म्हणाली. "नरहरीले विचारलं. गुलाबरावले कागद धाडला. मले काहून नाही विचारलं? मी काय त्या फ्रिजसारखी हावो का घरात?"

मला फार लाज वाटली. मी गेल्यावर पोरं भांडतील याची काळजी मी केली, हंड्याची केली, पापडांची केली. ही कुठे राहील, कशी राहील, याची ओळसुद्धा मला सुचली नाही. कारण आपण नसलो तरी ही इथेच असणार, चहा गाळत असणार, असंच डोळ्यांसमोर होतं. ती ज्या घरात चहा गाळणार ते मी परस्पर दोघांत वाटून टाकलं होतं.

मी उभा राहिलो. चूक कबूल केली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मग पंजी उघडली आणि निर्णय लिहायला घेतला. "दावा मान्य," मी म्हणालो. "संपूर्ण घर तुझ्या नावानं लिहितो. खाली, वर, गच्चीसकट." आपण काहीतरी मोठं दान करतो आहोत असं मला वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावरही दिसलं असणार.

"लिहू नका," ती म्हणाली. "लिहिलेलं हाये."

ती कपाटाशी गेली, आपल्या वरच्या खान्यातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातून घराची रजिस्ट्री काढून माझ्यापुढे ठेवली. खरेदीदार, श्रीमती सत्यभामा धर्मपाल रामटेके. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

आता हे कसं झालं ते सांगतो, कारण त्यात माझी चूक नाही असं मला बराच वेळ वाटत होतं. नवं राज्य झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आम्ही हे घर घेतलं. नेमक्या रजिस्ट्रीच्या दिवशी भोपाळहून आमच्या खात्याच्या फाइली ट्रकांनी आल्या. कोणती फाइल कोणत्या शाखेची हे ओळखणारा संचालनालयात मी एकटा, त्यामुळे माझी रजा रद्द झाली. मी सत्यभामेला श्यामरावाबरोबर उपपंजीयक कार्यालयात पाठवलं आणि तिच्या हाती एक चिठ्ठी दिली की माझ्या वतीनं सही करण्याचा अधिकार हिला आहे. ती चिठ्ठी मी कार्यालयाच्या कागदावर लिहिली होती आणि तिला पुढे जावक क्रमांकही टाकला होता. तिथल्या बाबूनं ती पाहिली, अशा चिठ्ठीवर नवऱ्याच्या नावानं रजिस्ट्री होत नाही म्हणून सांगितलं, आणि आलेल्या बाईच्या नावानं करायची असेल तर आत्ता होईल म्हणाला. विकणारा माणूस घाईत होता. श्यामरावानं होकार दिला, आणि साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे.

"तुला माहीत होतं?" मी श्यामरावाला विचारलं.

"मले वाटलं तुले माहीत असन," तो म्हणाला. "सही तं तुझीच हाये."

होती. रजिस्ट्रीच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, लाल शाईनं लिहिलेलं होतं, 'देखा. नस्तीबद्ध करें.' (म्हणजे पाहिलं, फाइलीला लावा.) खाली माझी छोटी सही आणि तारीख. त्या संध्याकाळी मी फाइलींच्या धुळीनं माखून घरी आलो होतो, ती कागद घेऊन माझ्यापुढे आली होती, आणि मी जेवता जेवता पेन मागून घेतलं होतं. दिवसभरात मी दोनशे फाइलींवर तेच लिहिलं होतं. ही दोनशे एकावी. वाचायचं असतं ते फक्त खालच्या बाबूनं, अधिकाऱ्यानं पाहायचं असतं, असा आमच्या खात्याचा संकेत आहे. मी त्या वेळी अधिकारीही नव्हतो, पण सवय वरून लवकर खाली येते.

"बारा वर्षं!" मी म्हणालो. बारा वर्षं मी 'माझ्या घराच्या भिंतीला खिळा मारायचा नाही' असं तिला बजावत आलो होतो. भाऊबंदांना 'माझ्या घरी कधीही या' म्हणत आलो होतो. "तू सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. तुमी सही केली."

"नंतर?"

"नंतर तुमी खुश होते," ती म्हणाली. "माहं घर, माहं घर करत फिरत होते. घराले काय फरक पडते. मीनं म्हटलं, म्हणू द्या."

मागे पोरं हसत होती. तेव्हा कळलं की दोघांनाही हे केव्हापासूनच माहीत होतं. चेतना आल्याच्या दिवशी स्वयंपाकघरात जे हसणं ऐकू आलं, त्यात आईनं त्यांना सांगितलं होतं की बाबाचा जीव रमून राहिला आहे, लिहीत राहा. मग दोघं जेवणं झाल्यावर एका टेबलावर बसून, एकमेकांना मजकूर सुचवत, माझ्यासाठी दावे लिहायची. कुरड्यांची बंदी ही तर चेतनानंच भावाला सांगितली होती, उत्तर देता यावं म्हणून. "सॉरी पापा," बुद्धभूषण म्हणाला, "लेकिन आप इतने खुश थे ना." ती भांडत नव्हती याचा मला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं.

सत्यभामेनं त्याच संध्याकाळी स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं. पंधरा दिवस नाही, पंधरा मिनिटं. तिच्यामागे घर दोन्ही पोरांचं सारखं, आणि मला हयात असेपर्यंत राहू द्यावं. कुठे राहू द्यावं, असं मी जरा काकुळतीनं विचारलं. जिन्यात नाही, असं ती म्हणाली. श्यामराव आणि साहू दीदींनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. दीदींना कुणीतरी विचारलं की समजलं का, तर "हव" म्हणाल्या आणि पेढा घेतला. काम संपलं.

पण माझ्या हातून जी चूक झाली ती मला नियमानं दुरुस्त करायची होती. दुसऱ्या दिवशी मी खरंच माझ्या नावावर काय काय आहे याची नवी सूची केली. स्कूटर बुद्धभूषणच्या नावावर निघाली. कूलर चेतनानं घेऊन दिलेला होता. शिलाई मशीन सत्यभामेच्या माहेरचं, पुस्तकं पोरांची. शेवटी उरलं ते एवढं. शाल, बंद घड्याळ, दोन सफारी सूट, शिक्का, पंजी आणि पेन्शन. ही सूची मी फक्त घरात लावली आणि यावेळी पहिली प्रत सत्यभामेच्या हातात, सही घेऊन दिली.

पंधरा दिवस गेले. एकही दावा आला नाही. श्यामरावानं सफारीबद्दल चौकशी केली, पण अंगाला लावून पाहिल्यावर त्यानं तोंडी माघार घेतली. नरहरीला मी स्वतः फोन करून घड्याळ सुचवलं, तर तो हंड्याचंच काय झालं ते विचारत बसला. आपण गेल्यावर कुणालाही आपलं काहीच नको आहे, हे लेखी पाहणं सोपं नसतं. मी पंजी बंद करणार तेवढ्यात सत्यभामा आली. रेघांच्या वहीतला तसाच कागद.

'दाव्याची वस्तू' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'धर्मपाल रामटेके.' आणि पुढे, 'चालू हालतीत ठेवण्यात यावे.'

माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत तिनं मला असं काही कधी म्हटलं नव्हतं, लिहिलं तर नव्हतंच. मी शिक्का मारला. मी पावती दिली, दावा मान्य केला, लाल शाईनं सही केली, आणि मग पाठीमागचा 'कारण' हा रकाना वाचला. 'यांच्यामागं पेन्शन बरीच कापल्या जाते.'

तेव्हापासून ती मला पहाटे पाचला उठवते आणि तलावाला दोन चकरा मारायला लावते. साखर बंद आहे, तळलेलं बंद आहे, बीपीची गोळी ती समोर उभी राहून गिळायला लावते. परवा चेतना बिलासपूरहून आली तेव्हा जिलेब्या आणल्या होत्या. सत्यभामा आत आहे असं पाहून मी एक उचलली आणि तोंडाजवळ नेली. ती कुठून आली कोण जाणे. तिनं जिलेबी माझ्या हातातून काढून घेतली, पंजी उघडून माझी मंजुरीची सही मला दाखवली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या मालमत्तेत विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही."